पाचवी ओळ

आमच्याकडच्या एखाद्या एचआयव्हीच्या रुग्णाची केस, म्हणजे इतर डॉक्टरांसाठीची लेखी हकिगत, लिहायला घेतली की पहिल्या चार ओळी जगात कुठेही चालतील अशा असतात. वय, स्त्री की पुरुष, किती दिवसांचा ताप, किती किलो वजन उतरलं. पाचव्या ओळीपासून खान्देश सुरू होतो. ‘सी.डी. फोरचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या मोजणीचा, नमुना त्या आठवड्यात पाठवता आला नाही.’ ‘कापूस वेचणी चालू असल्याने सोबत कुणी आलं नाही.’ ‘पावसात घाटरस्ता बंद होता, म्हणून फेरतपासणी लांबली.’

केस लिहिण्याचा जो ठरलेला साचा आहे त्यात या पाचव्या ओळीला घर नाही. लक्षणं, तपासण्या, निदान, उपचार, परिणाम, चर्चा असं ते ओळीने चालतं. पाचवी ओळ फार तर शेवटी ‘मर्यादा’ या मथळ्याखाली, माफी मागितल्यासारखी येते. मला वर्षानुवर्षं रुग्ण पाहून आणि सहकाऱ्यांच्या केस वाचून असं ठाम वाटायला लागलं आहे की आमच्या भागातली केस लिहायची ती याच ओळीसाठी. अमुक तपासणी हाताशी नव्हती तेव्हा काय बघून काय ठरवलं, हे ज्याला लिहिता येतं त्याचीच केस पुढच्या तालुक्यातल्या डॉक्टरला कामाला येते.

मी फिजिशियन आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून माझ्याकडे रुग्ण येतात. या लेखात जे येतील त्यांच्याबद्दलचं बरंच काही मी गाळलं आहे, काही बदललं आहे, आणि ज्यांना विचारता आलं त्यांना विचारलं आहे. औषधांचं आणि आजाराचं जे आहे ते मात्र जसंच्या तसं.

लोडशेडिंगच्या वर्षांतला एक रुग्ण आठवतो. महामार्गावरचा माणूस. पंधरा दिवस डोकं दुखत होतं, मग उलट्या सुरू झाल्या, मग एका वस्तूच्या दोन दिसायला लागल्या. क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेंदूज्वर असावा असा संशय होता. आता त्यासाठी अँटिजेनची पट्टी मिळते, काही मिनिटांत उत्तर येतं. तेव्हा आमच्याकडे ती नव्हती. पाठीतून पाणी काढलं. लॅबमधला मुलगा चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानातून ड्रॉइंगची काळी शाई घेऊन आला. थेंबाशेजारी थेंब ठेवून काच लावली, आणि मायक्रोस्कोपमध्ये काळ्या शाईत पांढऱ्या वलयांचे गोल गोल दाणे दिसले. निदान झालं.

मेंदूतल्या पाण्याचा दाब मोजायचा तर मॅनोमीटर नव्हता. सलाईनची नळी सुईला जोडून उभी धरली आणि बाजूला शिंप्याची टेप लावली. पाणी पंचवीस सेंटिमीटरच्या वर चढलं तर काढून दाब कमी करायचा असतो. याचं त्याच्याही खूप वर गेलं. पुढचे काही दिवस रोज पाणी काढलं आणि डोकेदुखी उतरत गेली. अँफोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाच्या बाटल्या थंडाव्यात ठेवाव्या लागतात आणि वीज दिवसातून कितीतरी तास नसायची. जनरेटर असलेल्या एका डेअरीवाल्याने फ्रिजचा एक कप्पा दिला. त्याला फक्त ‘इंजेक्शनं आहेत’ एवढंच सांगितलं होतं, आणि त्यानेही दुसरा प्रश्न विचारला नाही. हे औषध सलाईनमध्ये घालायचं नाही, ग्लुकोजच्या पाच टक्क्यांच्या बाटलीतून संथ सोडायचं. नर्सने तशी पाटी लिहून स्टँडलाच बांधली. पोटॅशियम झपाट्याने उतरतं. रोज तपासणं शक्य नव्हतं, म्हणून लघवी नीट होते आहे हे बघत पोटॅशियमचं सिरप पहिल्या दिवसापासून चालू ठेवलं. माणूस केळीच्या पट्ट्यातला. नातेवाईक रोज फणीच्या फणी आणायचे, आणि केळ्यांनी ही तूट भरून निघत नाही हे त्यांना पुन्हापुन्हा समजावावं लागायचं.

तो बरा झाला. पण मला सांगायचंय ते पुढचं. क्रिप्टोकॉकसवर जगभरात चिकार लिहिलेलं आहे. आमच्या केसमध्ये दुर्मीळ म्हणावं असं काहीच नव्हतं. तरी ती आमच्या केस मांडायच्या बैठकीत वाचून दाखवल्यावर लांबच्या तालुक्यातल्या एका डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी निदानाबद्दल विचारलं नाही, डोसबद्दल विचारलं नाही. “नळी धरताना शून्य कुठे धरलं?” एवढाच त्यांचा प्रश्न होता. रुग्ण कुशीवर झोपलेला, शून्य सुईच्या पातळीला, टेप तिथून वर. त्यांच्या वॉर्डात तसाच एक रुग्ण होता. त्या फोननंतर मी केसमधल्या कुठल्या गोष्टीला किती जागा द्यायची याचा हिशेबच बदलला.

एड्सचा लिखित इतिहास सुरू होतो तोही मोजक्या रुग्णांच्या नोंदीपासून. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या साथरोग विभागाच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुण पुरुषांची हकिगत छापून आली. पाचांनाही एरवी धडधाकट माणसाला न होणारा न्यूमोनिया झाला होता, दोघे छापून येईपर्यंत गेले होते. विषाणू माहीत नव्हता, रोगाला नाव नव्हतं. डॉक्टरांनी दिसलं ते आणि कळलं नाही तेही लिहिलं. १९८५ साली युगांडातल्या डॉक्टरांनी आपल्याकडच्या ‘स्लिम’ आजाराची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये दिली, वाळत जाणाऱ्या माणसांसाठी ते नाव गावातल्या लोकांनीच पाडलेलं होतं. १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी भारतातला पहिला संसर्ग शोधला. नमुने रात्रीच्या गाडीने वेल्लोरला न्यावे लागले होते, कारण तपासणी तिथे होती. डॉ. सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या, हे आपल्यात फारसं कुणाला ठाऊक नसतं. आणि ज्या क्रिप्टोकॉकसने आम्हाला इतकं पळवलं, त्याचा उपचार २०२२ साली सोपा झाला तो बोट्सवाना, मलावी, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वे इथल्या रुग्णांच्या अभ्यासामुळे. लायपोसोमल अँफोटेरिसिनचा एकच मोठा डोस, सोबत पोटातून दोन औषधं. रोजची सलाईन नको, रोजची रक्ततपासणी नको. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने तो स्वीकारला. जिथे फ्रिज आणि प्रयोगशाळा यांची वानवा होती तिथल्याच लोकांनी फ्रिज आणि प्रयोगशाळेवरचा भार कमी करणारा प्रश्न विचारला. मला याचा अभिमान वाटतो, परकी असूनही.

आता एक बाई. सातपुड्याच्या पायथ्याची. १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचा औषधोपचार, मोफत मिळू लागली, २०१७ पासून सी.डी. फोर कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू करायचे असं धोरण आलं. त्यामुळे ही बाई तब्येत चांगली असतानाच औषधावर आली. टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर, तिन्ही मिळून दिवसाला एक गोळी. पहिले काही महिने एकही तारीख चुकली नाही. मग ती दिसेनाशी झाली. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे ‘एलएफयू’ लागलं, म्हणजे पाठपुराव्यातून सुटलेली. होळीच्या सुमाराला आली ती मानेत गाठी आणि संध्याकाळचा ताप घेऊन. क्षयरोग.

ही केस मी आधी औषधांच्या आपसातल्या भांडणाची म्हणून मांडली होती. क्षयरोगाचं रिफॅम्पिसिन चालू केलं की डोल्युटेग्राव्हिर रक्तात कमी पडतं, म्हणून बारा तासांनी त्याची आणखी एक गोळी द्यावी लागते. वैद्यकीयदृष्ट्या बरोबर. बैठकीत ती वाचल्यावर आमच्या समुपदेशक ताई म्हणाल्या, “मॅडम, यात कोयता कुठे आहे?” नवरा-बायकोची ती जोडी दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन दक्षिण गुजरातला ऊसतोडीला जाते. त्या जोडीलाच कोयता म्हणतात. पहाटे अंधारात तोड सुरू, रात्री-बेरात्री ट्रक भरणं, पालात राहणं, आणि उचल फिटेपर्यंत मध्येच दोन दिवस सुट्टी मागायची सोय नाही. औषधं एका महिन्याची होती, हंगाम पाच महिन्यांचा. यात बेफिकिरी कुठे आहे? फार्मासिस्टनी आणखी एक ओळ घातली: ती बाटली खिडकीपाशीच रिकामी करून गोळ्या कॅल्शियमच्या डबीत भरून नेते, कारण बाटली ओळखणारे डोळे पालात असतात. मे महिन्यात बाटलीवर ‘३० अंशांखाली ठेवा’ वाचणाऱ्या भुसावळ-जळगावच्या माणसाला काय सांगायचं हाही प्रश्न त्याच दिवशी निघाला. पत्र्याच्या घरात सगळ्यांत गार जागा माठाजवळचं फडताळ, असं उत्तर एका रुग्णानेच आधी शोधून ठेवलेलं होतं.

केस पुन्हा लिहिली गेली. औषधांचा भाग दोन ओळींत आला. हंगामाआधी तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम, कारखान्याजवळच्या एआरटी केंद्राचं पत्र, आणि रिफॅम्पिसिन चालू असेतो दुसऱ्या गोळीची वेळ ट्रक भरायच्या आधीची की नंतरची, यावर बाकी सगळा मजकूर. दसऱ्याच्या आधी ऊसतोडीला जाणाऱ्यांची नावं काढून बघायची, हा एक सोपा नियम त्यातून निघाला. छापायचं का म्हणून तिला विचारलं तर ती म्हणाली, “मन्हं नाव नका लिखू मॅडम. पन उसना फडमा गोयी कशी चुकस ते लिखा.”

नाव न लिहिणं सोपं आहे. अवघड आहे ते नावाशिवाय ओळखू येणं. मुंबईतली केस ‘पस्तिशीतला पुरुष, चालक’ असं म्हणून गर्दीत मिसळून जाते. आमच्या एखाद्या दीड-दोन हजार वस्तीच्या गावातला चालक, बायको शिवणकाम करणारी, दोन मुली, थोरलीचं लग्न ठरलेलं, एवढं लिहिलं की गावाला नावाची गरजच उरत नाही. आणि नेमकी अडचण ही की आमच्याकडच्या केसचा जीव याच तपशिलात असतो. काम कोणतं, हंगाम कोणता, घर दवाखान्यापासून किती लांब, औषधाचं घरात कुणाला माहीत. हे काढलं तर केस परत कुठल्याही देशातली होते. ठेवलं तर माणूस उघडा पडतो.

माझ्यापुरता मी यातून असा मार्ग काढला आहे. परिस्थिती ठेवायची, माणूस गाळायचा. तारखांऐवजी हंगाम. वयाऐवजी वयाचा टप्पा. गावाऐवजी नदीकाठ, डोंगरपट्टा किंवा महामार्ग. वैद्यकीय नियतकालिकाला द्यायच्या मजकुरात खोटा तपशील भरून ओळख लपवू नये, कारण वाचणारा त्या तपशिलावर विसंबून निर्णय घेऊ शकतो. तिथे सरळ गाळावं. आणि संसर्ग कुठून आला हा परिच्छेद बहुतेक केसमध्ये लागतच नाही. तरी तो लिहिला जातो, चवीने लिहिला जातो. मेंदूज्वराच्या उपचारात नवरा कुठे जात होता याने काय फरक पडतो? जिथे जोडीदाराच्या तपासणीचा किंवा गरोदरपणाचा प्रश्न आहे तिथे लिहावं, बाकी ठिकाणी तो परिच्छेद मी तरी छापू देणार नाही.

फोटोंबद्दल तर फार बोलायला हवं. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की झालं असं अजून समजलं जातं. आमच्याकडे बायाबापड्यांच्या हातावर गोंदण असतं. मनगटावर फुलं, दंडावर भावाचं किंवा नवऱ्याचं नाव. पुरळाचा म्हणून काढलेल्या फोटोत ते नाव स्वच्छ वाचता येतं. एक्सरेच्या कोपऱ्यात नाव आणि वय असतं, रिपोर्टच्या डोक्यावर नोंदणी क्रमांक. मोबाईलवरून मत विचारायला म्हणून पाठवलेली अशी चित्रं किती हातांतून जातात! स्टॅव्हुडिन हे औषध चालू होतं त्या काळात तर रुग्णाचे गालच खोल जायचे. औषध स्वस्त होतं, त्याने अनेकांना जगवलं, आणि २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते हळूहळू बंद करा म्हणून सांगितलं. त्या खोल गालांचा फोटो घ्यायचा म्हणजे चेहराच घ्यायचा. मी कागदावर पेन्सिलीने आकृती काढते. वैद्यकीय मुद्दा आकृतीत पुरता कळतो.

२०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. एखाद्याची एचआयव्हीची स्थिती त्याच्या लेखी, समजून दिलेल्या संमतीशिवाय उघड करायची नाही, असं त्यात स्पष्ट आहे. केस कशी लिहावी याची ‘केअर’ नावाची जी मार्गदर्शक यादी २०१३ पासून वापरात आहे, तीही रुग्णाची संमती आणि रुग्णाचं स्वतःचं म्हणणं मागते. रुग्णाच्या म्हणण्याचा तो रकाना मराठी डॉक्टर बहुधा रिकामा सोडतात किंवा ‘रुग्ण समाधानी आहे’ असं लिहून मोकळे होतात. संमतीचा कागद इंग्रजीत, अंगठा निळ्या शाईत, आणि मध्ये कुणी काही वाचून दाखवलेलं नाही, याला मी संमती म्हणत नाही. मजकूर मराठीत लिहावा, लागलं तर अहिराणीत सांगावा, पावरीत सांगणारं माणूस बोलवावं. मग बाई म्हणते, हे काढा, किंवा हे असं नव्हतं झालं.

गेलेल्या रुग्णांच्या केस कमी लिहिल्या जातात. त्या लिहायला हात उचलत नाही हे खरं. पण रेफर केलेला रुग्ण जिल्ह्याच्या वाटेवर का दगावला, ऑक्सिजन कोणत्या दोन गावांमध्ये संपला, हे कुणीतरी मांडलं नाही तर पुढच्या रुग्णालाही तीच वाट मिळते.

नंदुरबारकडची एक केस मात्र अशी आहे की ती दुसरीकडून कुणी लिहून देणार नाही. सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, आणि एचआयव्ही एकाच शरीरात. सातपुड्याच्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांत सिकलसेल बराच आहे. सुरुवातीच्या काळात एआरटीत झिडोवुडिन असायचं, आणि झिडोवुडिनने रक्त कमी होतं. एका तरुणाचं हिमोग्लोबिन औषध सुरू केल्यावर घसरायला लागलं, आम्ही ते झिडोवुडिनच्या खात्यावर टाकत होतो, आणि अंगदुखीच्या झटक्यांमुळे सिकलची साधी सोल्युबिलिटी चाचणी करून पाहावी असं लॅबमधल्या ताईंनी सुचवलं. ती होकारार्थी आली, पुढच्या तपासणीत आजारच पक्का झाला. आता करायचं काय? झिडोवुडिन रक्त तयार करणाऱ्या हाडांतल्या मज्जेवर येतं, आणि सिकलसाठी हायड्रॉक्सियुरिया द्यावं तर तेही मज्जेवरच येतं. टेनोफोविर द्यावं तर ते मूत्रपिंडावर येऊ शकतं, आणि सिकलसेल मूत्रपिंडाला आधीच पोखरत असतो. त्यातून मूत्रपिंडाचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन सिकलमध्ये फसवं. सुरुवातीची वर्षं ते छान, कमीच दिसतं, आणि आपण निर्धास्त राहतो. तिसरा पर्याय अबॅकाविर. त्याची तीव्र ॲलर्जी कुणाला होऊ शकते हे सांगणारी जनुकीय चाचणी आमच्या आवाक्यात नव्हती.

आम्ही अबॅकाविर दिलं. पहिले सहा आठवडे ताप, पुरळ, उलट्या, दम यांपैकी काही दिसलं तर गोळी न घेता लगेच यायचं, आणि ॲलर्जी ठरून गोळी बंद झाली तर पुन्हा ती कधीही घ्यायची नाही. हे त्याच्या बहिणीला पाठ करायला लावलं, कारण वाचता तिलाच येत होतं. लघवीत प्रथिनं आहेत का ते पट्टीने दर भेटीला बघत राहिलो. हा निर्णय बरोबरच होता असा दावा मी करत नाही. दुसऱ्या कुणी टेनोफोविर देऊन लघवीची पट्टी आणि क्रिएटिनिन यांवर बारीक नजर ठेवली असती तर तेही चुकलं नसतं. पण कोणत्या कारणाने कोणती वाट धरली आणि काय मोजत राहिलो, हे नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली, डांग इथल्या प्रत्येक एआरटीच्या डॉक्टरला आज ना उद्या लागणार आहे. ज्या देशांत पैसा आहे तिथल्या पुस्तकांत हा रुग्ण फारसा भेटत नाही, आणि आफ्रिकेतल्या डॉक्टरांना मात्र तो भेटतो. त्यांच्याशी आपलं बोलणं झालं पाहिजे, नेमकं आणि नियमित.

सध्या माझ्या टेबलावर जी केस आहे ती जन्मतः संसर्ग झालेल्या एका मुलीची. लहान मुलांसाठीची एआरटी सरकारी कार्यक्रमात २००६ च्या अखेरीला आली, त्यानंतर लवकरच ती औषधावर आली. पाण्यात विरघळणारी गोळी होती, आजी वाटीत विरघळवून पाजायची. तेव्हाच्या संमतीपत्रावर आजीचा अंगठा आहे. मुलगी आता सज्ञान आहे, शिकते आहे. जुनी परवानगी माझ्या लेखी संपली; विचारायचं ते आता तिलाच.

तिने मजकूर घरी नेला नाही, माझ्यासमोर बसून वाचला. हातात पेन्सिल होती. वडिलांच्या कामाची ओळ तिने खोडली. “याने माझ्या सी.डी. फोरमध्ये काय फरक पडतो?” आजीबद्दल एक वाक्य होतं, त्याची तिने तीन करून घेतली: औषध कशाचं हे तिला शाळेत असताना आजीनेच सांगितलं, समुपदेशक ताईंच्या समोर, दोन वेळा टाळून मग तिसऱ्या वेळी. मग ती त्या भागाशी आली जिथे मी लिहिलं होतं की किशोरवयात गोळ्या चुकू लागल्या आणि सी.डी. फोर खाली गेलं. अशा मुलांबद्दल सगळीकडे हेच लिहितात, आणि ‘किशोरवयीन बंडखोरी’ असं कारण देऊन पुढे जातात.

“बंडखोरी कसली,” ती म्हणाली. “नववीत वसतिगृहात गेले. पेटीला कुलूप नव्हतं. रात्री नऊच्या गोळीला खोलीत सगळ्या जाग्या असायच्या.” काही महिने ती गोळी कागदात बांधून कनवटीला ठेवायची, घामाने ती विरघळून जायची. पुढे तिची तिनेच तोड काढली. आठवड्याच्या गोळ्या कंपासपेटीत, कर्कटकाच्या खाली, आणि वेळ बदलून सकाळची, अभ्यासिकेत सगळ्यांच्या आधी जाऊन बसायची. वेळ बदलायची ती डॉक्टरांना विचारून बदलली, हेही लिहा म्हणाली, नाहीतर वाचून कुणी आपल्या मनाने बदलेल.

वयाच्या जागी ‘किशोरवय’ केलं, जिल्हा काढला, शिक्षणाचा उल्लेख काढला. कंपासपेटी ठेवायची की नाही यावर आमचं बराच वेळ बोलणं झालं; तिच्याबरोबर तेव्हा राहणारी एखादी मुलगी आज नर्स झाली असेल आणि वाचेल, असं मला वाटत होतं. तिने विचार केला आणि ठेवा म्हणाली. तिची परीक्षा झाली की ती शेवटचा मसुदा वाचायला येणार आहे, तोवर मी तो कुठेही पाठवलेला नाही.